चाळीस एकर, बोअरसकट

हॅलोरन काउंटीतली माणसं सकाळी मोजायला बसलं तर दुपारच्या जेवणाआधी मोजून होतात, असं ऑरिन स्टॅमर म्हणायचा. वर म्हणायचा, "त्यातली निम्मी एकमेकांशी बोलत नाहीत, तेव्हा खरी संख्या त्याच्याही निम्मी."

त्याची बायको मार्लिस लग्नानंतरची पहिली दहा वर्षं या विनोदावर हसली. पुढची एकतीस वर्षं ती फक्त खिडकीतून बाहेर बघायची. नेवाडाच्या उत्तर टोकाला ते खोरं होतं. चारी बाजूंना राखाडी सेजची झुडपं, आणि मधून खडीचा एक रस्ता. त्या रस्त्यावर धूळ उठली की कोण येतंय हे घराशी यायच्या दहा मिनिटं आधी कळायचं. बहुतेक दिवस धूळ उठायचीच नाही.

अलीकडे मात्र शहरातली माणसं जमीन बघायला यायची. इथं जमीन स्वस्त, कर कमी, घर बांधायला परवानग्यांची कटकट नाही, असं त्यांनी कुठंतरी वाचलेलं असायचं. कोंबड्या पाळू, भाजी पिकवू, कुणाच्या अध्यात ना मध्यात राहू, असं मनात घेऊन यायची. सगळ्यांना दोन मैलांवरची लूमिसांची चाळीस एकर दाखवली जायची, कारण तिच्यावर तयार घर होतं आणि बोअर होती. मग ती माणसं चौकशीला स्टॅमरांच्या फाटकाशी थांबायची, ऑरिन त्यांना सगळं खरं सांगायचा, आणि अर्ध्या तासात गाडी परत वळायची.

"माणसं हाकलायचं कंत्राटच घेतलंयस तू," मार्लिस म्हणायची.

"मग काय खोटं सांगू?"

"गप्प बसता येतं की नाही माणसाला?"

खरं म्हणजे शांततेची तिला सवय होती. तिला ग्रासलं होतं शाळेच्या काळजीने. खोऱ्यात एका खोलीची शाळा होती आणि ती चालू ठेवायला पाच मुलं लागायची. लूमिस मंडळी शरद ऋतूत दोन मुलांना घेऊन निघून गेली, तेव्हा उरली तीन. इबारांचे दोघे, आणि मार्लिसची नात जॉस. सप्टेंबरपर्यंत पाच झाली नाहीत तर कुलूप, असं शाळेच्या मंडळानं लिहून कळवलं होतं. ईस्टरच्या जेवणाला सून केल्सी बटाटे वाढता वाढता म्हणाली होती, "शाळा गेली तर आम्ही एल्कोला जाऊ, मार्लिस. सहा वर्षांच्या पोरीला रोज साठ मैल बसमध्ये नाही बसवणार मी." मुलगा डेन मान खाली घालून जेवत राहिला. नाही म्हणाला नाही आणि हो पण म्हणाला नाही. जॉस शाळेतून थेट आजीकडेच यायची. मार्लिसच्या दिवसाला घड्याळ असं ते एकच होतं.

मे महिन्यात ऑरिन गुरं घेऊन वरच्या कुरणात गेला होता. दोन दिवस यायचा नव्हता. नेमकी तेव्हाच रस्त्यावर धूळ उठली.

प्रुइट नवरा-बायको कॅलिफोर्नियातून आली होती. टोबी उंच, पडेल खांद्यांचा, गोदामात काम करून कंटाळलेला. ब्रिना बुटकी, तरतरीत. तिच्या हातात एक जाड वही होती आणि गाडीच्या मागच्या सीटवर दोन मुली झोपलेल्या होत्या. एक सात वर्षांची, एक पाच. मार्लिसने आधी त्या मुली बघितल्या. मग हसून म्हणाली, "या ना आत. कॉफी आहे, मक्याचा पाव आहे."

ब्रिनाने टेबलावर वही उघडली. पाच काउंट्या, पाच रकाने. पाऊस, थंडी, दवाखाना, शाळा, रस्ते, पाणी. प्रत्येक चौकटीत बारीक अक्षर.

"परीक्षेला बसल्यासारखी तयारी आहे तुझी," मार्लिस म्हणाली.

"घर विकून येणार आहोत, मिसेस स्टॅमर. परत जायला जागा नाही उरणार. म्हणून विचारून घेते. चालेल ना?"

"विचार की."

"दवाखाना?"

"चौऱ्याण्णव मैल. बर्फ असेल तर तोही गाठता येत नाही. माझ्या दिराला हार्ट अटॅक आला तो वाटेतच गेला."

टोबीने बायकोकडे बघितलं. ब्रिनाने लिहून घेतलं.

"भाज्या?"

"नव्वद दिवस मिळतात. कधी जूनमध्येही दव गोठतं. टोमॅटोचा नाद सोड. बटाटे, कोबी, गाजर लाव."

"आणखी?"

"शेपटी वाजवणारे साप आहेत. मुलींना बूट झटकून घालायला शिकव. काही वर्षी नाकतोडे येतात, अंगठ्याएवढे. रस्ता लाल होतो चिरडून चिरडून. आणि वारा. वाऱ्याने इथं बायका रडतात. मी रडलेय."

ब्रिनाने पेन खाली ठेवलं. "तुम्हाला ठाऊक आहे का, आम्ही चार काउंट्या फिरलो. वाईट सांगणाऱ्या तुम्ही पहिल्या. सगळे नुसते सूर्यास्ताचं सांगतात."

मार्लिसला त्या वाक्याने एकदम आतून बरं वाटलं, आणि लगेच तिला कळलं की आता ही बाई आपलं पुढचं सगळं खरं मानणार.

"शाळा?" टोबीने विचारलं.

"तीन मैलांवर. एकच खोली, पण बाई चांगली आहे. तुमच्या दोघी आल्या तर पाच होतील मुलं." ती जरा थांबली. "माझी नात आहे त्यांच्याच वयाची."

"आणि पाणी?" ब्रिना म्हणाली. "तिकडची बोअर दोनशे ऐंशी फूट आहे म्हणतात. आम्ही नळ सोडून बघितला, धार चांगली आहे. पण बारा महिने?"

लूमिसांची बोअर जुलैअखेरपर्यंत चालायची. दक्षिणेला मोठ्या लसूणघासाच्या शेतीचे चाकांवर फिरणारे फवारे रात्रंदिवस पाणी ओढू लागले की ऑगस्टमध्ये त्या बोअरमधून आधी गढूळ, मग चिखल, मग नुसती हवा यायची. सहाशे फुटांवर पाणी होतं, पण कढत आणि खारं. लूमिसांनी तेही करून बघितलं होतं. दोन उन्हाळे त्यांनी पाणी वाहिलं. याच अंगणातल्या नळावरून, पिकअपवर टाकी चढवून. डोंगराच्या कुशीतल्या स्टॅमरांच्या विहिरीला कधी खळ नव्हता. ऑरिन म्हणायचा, आजोबांनी जागा निवडताना तेवढी एकच अक्कल दाखवली.

मागच्या सीटवरची धाकटी जागी होऊन दाराशी आली होती. केस विस्कटलेले, एका पायात मोजा. मार्लिसने तिच्या हातात पावाचा तुकडा दिला.

"पाणी गोड आहे," ती म्हणाली. "मी प्यायलेय ना त्या घरी. कितीदा तरी."

"मग ते लोक का गेले?"

"त्या बाईचं मन नाही रमलं. एकटेपणा सगळ्यांना नाही सोसत."

ब्रिनाने लिहून घेतलं. मार्लिसला उलटं दिसत होतं तरी वाचता आलं. पाणी: चांगलं, शेजारणीने सांगितलं.

ऑरिन परत आला तोवर सौदा होत आला होता. रात्री जेवताना त्याला कळलं. त्याने काटा खाली ठेवला.

"बोअरचं सांगितलंस ना?"

मार्लिसने पावाची ताटली त्याच्याकडे सरकवली.

"मार्लिस. त्यांना दोन पोरी आहेत म्हणतेस."

"म्हणूनच."

त्याला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर तो उठला आणि खुंटीवरची टोपी काढली. "मी जाऊन सांगून येतो. गावात उतरलेत ना?"

"जा. सांग. आणि येताना डेनकडे थांब आणि जॉसच्या पेट्या गाडीत चढवायला हात लाव."

ऑरिन टोपी हातात धरून दाराशी उभा राहिला. साठ पार केलेला माणूस, आयुष्यात कुणाला खोटं सांगितलेलं नाही. शेवटी त्याने टोपी परत टांगली. पण त्या दिवसापासून तो माणसं मोजायचा विनोद करेनासा झाला, आणि बायकोशी बोलायचा ते गुरांचं आणि कुंपणाचं तेवढंच.

प्रुइट मंडळी जूनच्या पहिल्या आठवड्यात आली. मार्लिसने त्यांना कोंबड्यांची पिल्लं दिली, कोबीची रोपं दिली, वाऱ्याच्या बाजूला गवताच्या गठ्ठ्यांची भिंत कशी रचायची ते दाखवलं. ब्रिना कामाला वाघीण होती. पहाटे उठायची, हाताला फोड आले तरी फडकं बांधून खणायची. मुली जॉसबरोबर अंगणात धुडगूस घालायच्या. दुपारी ब्रिना यायची, पायरीवर बसायची. "आई गेल्यापासून मला असं कुणी काही शिकवलं नव्हतं," असं एकदा म्हणाली. मार्लिस शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही. कितीतरी वर्षांनी तिला मैत्रीण मिळाली होती. आता सांगावं, आताच सांगावं, असं तिच्या जिभेवर दोनदा तरी आलं. पण शाळेची नावनोंदणी सप्टेंबरात होती.

ऑगस्टच्या नवव्या दिवशी टोबी आला. "मिसेस स्टॅमर, पंपाला काहीतरी झालंय. गढूळ येतंय."

"होतं कधीकधी," ती म्हणाली.

पंप बाहेर काढला, नवा बसवला. चार दिवसांनी हवा आली. कोबी माना टाकू लागला. ब्रिना गावात पोस्टात गेली. तिथली बाई सहज, पाकिटांवर शिक्के मारता मारता बोलून गेली, "मग काय, तुम्हीही आता स्टॅमरांकडून पाणी वाहणार का? बिचाऱ्या लूमिसांनी दोन वर्षं वाहिलं."

त्या दुपारी धूळ वेगाने आली. मार्लिस दोरीवर चादरी घालत होती. ब्रिना गाडीतून उतरली आणि दहा पावलांवर थांबली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं मार्लिसला पुढे कितीदा तरी वाटलं.

"ते लोक पाणी कुठल्या नळावरून भरायचे?"

मार्लिसने हात केला. "तो, गोठ्यापाशी."

"तुमच्याच अंगणात."

"हो."

"तुम्ही नळ सोडून द्यायचात?"

"कधी मी, कधी ऑरिन."

ब्रिनाने मान हलवली, एखादा हिशेब पटल्यासारखी. "सापांचं सांगितलंत. दिराचं सांगितलंत. मी टोबीला म्हणाले होते, ही बाई खरी आहे." मग ती गाडीत बसली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पिकअपवर टाकी घालून टोबी आला. त्याला दुसरं कुठं जाता येणार होतं? ऑरिनने स्वतः जाऊन नळी लावली. दोघे पुरुष टाकी भरेपर्यंत टायरांविषयी बोलले. सप्टेंबरात टोबीने लांब पल्ल्याच्या ट्रकवर काम धरलं आणि तो दोन दोन आठवडे बाहेर राहू लागला. मग दर तिसऱ्या दिवशी ब्रिना येऊ लागली. टाकी भरायला चाळीस मिनिटं लागायची. ती काचा वर करून गाडीत बसून राहायची. जाताना फाटकाच्या खांबावर डझनभर अंडी ठेवून जायची, उपकार नकोत म्हणून. ती अंडी मार्लिसच्या घशाखाली उतरत नसत. ऑरिन मात्र तळून खायचा. "तिने दिलीत," म्हणायचा. "टाकून द्यायला ती काय तुझी आहेत?"

शाळा मात्र टिकली. सप्टेंबरात पाच नावं लागली. जॉस रोज आजीकडे येत होती, पडलेले दुधाचे दात दाखवत होती. मार्लिस मनाशी म्हणायची, निदान एवढं तरी झालं.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला टर्की कापून झाल्यावर डेनने घसा खाकरला.

"आई, खाणीत काम मिळालंय मला. एल्कोला. एक तारखेपासून."

मार्लिसच्या हातात ग्रेव्हीचं भांडं होतं. "पण शाळा तर चालू आहे."

"आहे ना. चांगलंच आहे."

"मग? केल्सी, तू म्हणाली होतीस, शाळा गेली तर."

केल्सीने नवऱ्याकडे बघितलं. तो बशीकडे बघत होता. "मार्लिस," ती म्हणाली, आणि तिचा आवाज दुष्ट नव्हता, हे सगळ्यात वाईट होतं. "शाळेचं आम्ही आपलं बोलायला बोलत होतो. डेन तीन वर्षं काम शोधतोय. तुम्हाला नुसतं 'जातोय' कसं सांगायचं? शाळेचं कारण सोपं होतं."

"तीन वर्षं?"

"मला इथं नाही राहायचं, आई," डेन म्हणाला. "आधीही नव्हतंच राहायचं."

ऑरिन उठून बाहेर गेला. खिडकीतून मार्लिसला तो दिसला. कुंपणाला हात टेकून, पाठ घराकडे करून तो बराच वेळ उभा होता.

जॉस गेली आणि शाळेत चार मुलं उरली. मंडळाने नाताळापर्यंत चालवली आणि मग दाराला कुलूप घातलं. जानेवारीपासून प्रुइटांच्या दोघी मुलींना सकाळी अंधारात उठून साठ मैलांच्या बसमध्ये बसावं लागणार होतं.

कुलूप लागलं त्या आठवड्यात ब्रिना पाण्याला आली तेव्हा नळ गोठला होता. मार्लिस किटलीत गरम पाणी घेऊन बाहेर आली आणि नळावर ओतत राहिली. ब्रिना गाडीतून उतरली, कारण नळी धरायला दुसरा हात हवा होता. दोघी वाकून उभ्या राहिल्या. तोंडातून वाफ निघत होती. पाणी सुरू झालं तेव्हा मार्लिस म्हणाली, "तुला सांगायचं होतं. का केलं ते."

"मला ठाऊक आहे."

"शाळेसाठी. पाच मुलं हवी होती. जॉस जाऊ नये म्हणून."

"ठाऊक आहे म्हटलं ना. खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक आहे." ब्रिनाने हातमोजे काढून नळी टाकीत नीट बसवली. "एकच सांगा. माझ्या मुली तुम्ही केव्हा मोजल्यात? मी वहीत लिहीत होते तेव्हा?"

"त्याच्या आधी. तुमची गाडी थांबली तेव्हा. काचेतून दिसल्या."

ब्रिना हसली. त्या हसण्यात काही नव्हतं. "म्हणजे दाराशी आले तेव्हा मी बाई नव्हतेच. दोन नावं घेऊन आलेली गाडी होते."

"नंतर तसं नव्हतं. नंतर तू आलीस, पायरीवर बसायचीस, तेव्हा मला..."

"ते बोलू नका." तिने पहिल्यांदाच आवाज चढवला. "ते नकोच. त्यातलं खरं किती होतं हे मला कधीच कळणार नाही, आणि तुम्हालाही."

वाऱ्याने नळी थरथरत होती. मार्लिसने खिशातून रुमाल काढला आणि परत ठेवला.

"विकून टाका," ती म्हणाली. "ऑरिन ओळखीत सांगेल."

"मागच्या महिन्यात आला होता एकजण. आयडाहोचा. बायको, तीन मुलं. पाण्याचं विचारलं त्याने." ब्रिना टाकीच्या तोंडाकडे बघत होती. "टोबी ट्रकवर होता. घरात मी एकटी. माझी मोठी मुलगी खोकत होती, आणि घरात दोन बादल्या पाणी उरलं होतं. मी त्याला सांगितलं, ऑगस्टमध्ये इथून हवा येते. तो आभार मानून गेला."

इतकी वर्षं मार्लिस ऑरिनला हेच ऐकवत आली होती, की खरं बोलायला तुझं काय जातंय. कोणाचं काय जातं ते ती आता बघत होती.

"आत चल," ती शेवटी म्हणाली. "कॉफी तरी घे. अजून अर्धा तास लागेल भरायला. गारठशील."

"नको. गाडीत हीटर आहे."

ब्रिना गाडीत जाऊन बसली आणि दार लावून घेतलं. नळीपाशी कुणीतरी उभं राहायला हवं होतं, नाहीतर ती वाऱ्याने टाकीतून निसटायची. मार्लिस नळी धरून उभी राहिली. हात बधिर झाले तशी तिने एक हात बगलेत घातला, मग दुसरा. गाडीच्या काचेवर आतून वाफ धरली होती, त्यामुळे ब्रिना आपल्याकडे बघतेय की नाही हेही तिला कळत नव्हतं. टाकी अजून निम्मीही भरली नव्हती.